पत्र्याखालचं पाणी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, एखाद्या शेतावरच्या कोठारामागे गवत माजलेल्या कोपऱ्यात, साठेक वर्षांपूर्वीचा छोटा प्रवासी ट्रेलर उभा असतो. मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं हे चाकांवरचं घर. आत झोपायची सोय, शेगडी, बर्फाची पेटी, दुमडायचं टेबल. चाकं मातीत रुतलेली, रंग विटलेला, एखादी काच तडकलेली. मालकाला जागा मोकळी हवी असते, म्हणून तो स्वस्तात देतो, कधी फुकटही देतो. घेणारा दारातून डोकावतो, आतल्या बर्च प्लायवूडचा मधाळ रंग पाहतो आणि हरखून जातो. मालक एवढंच सांगतो की कोपऱ्यात थोडं पाणी येतं, बाकी सगळं ठणठणीत आहे.

या थोड्या पाण्याची किंमत ट्रेलरच्या किमतीच्या कितीतरी पट निघते. स्वतःच्या हातांनी जुना ट्रेलर उभा करायला निघालेला माणूस सुतारकाम, रंगकाम, वायरिंग असं बरंच काही शिकतो, पण त्याचं मुख्य काम एकच असतं. पाणी कुठून शिरलं, कुठल्या वाटेने गेलं आणि कुठे मुरलं, ते शोधून काढायचं. पडदे आणि गाद्या फार नंतरच्या.

मोटारीसोबत मुक्काम घेऊन भटकायचा नाद तिकडे जुना. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात अशा भटक्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली होती. मध्यंतरी ती विझली आणि १९९८मध्ये जुन्या ट्रेलरच्या शौकिनांनी पुन्हा उभी केली. १९३०च्या दशकात ट्रेलर बनवण्याच्या धंद्यात विमानं बांधणारी माणसं उतरली. लिंडबर्गने १९२७मध्ये ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’च्या बांधणीवर देखरेख करणाऱ्या हॉली बोलसने १९३४मध्ये ॲल्युमिनियमचा, रिवेट ठोकलेला ‘रोड चीफ’ ट्रेलर काढला. त्याचा धंदा चालला नाही. तोच आकार उचलून, दार बाजूच्या अंगाला हलवून वगैरे, वॉली बायमने १९३६मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आणला. मंदीच्या दिवसांत त्याची किंमत होती १,२०० डॉलर. जुना ट्रेलर म्हटलं की चित्रांमध्ये आणि जाहिरातींमध्ये हाच चकचकीत एअरस्ट्रीम दिसतो. १९६९मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या तिघांना ज्या फिरत्या खोलीत विलग ठेवलं होतं, तीही एअरस्ट्रीमच्याच ट्रेलरमधून घडवलेली. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर उभे आणि अंतराळवीर काचेआड, हे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेलं असेल.

पण हौशी माणसाच्या खिशाला परवडतो तो एअरस्ट्रीम नव्हे. त्याच्या वाट्याला येतो युद्धानंतरच्या मध्यमवर्गासाठी लाकूड आणि पत्र्यात उभा केलेला लहान ट्रेलर. बाजूने पाहिलं तर पुढे-मागे गोलावा, वर-खाली सपाट. डुकराचं मांस ज्या डब्यातून विकलं जाई त्या डब्याच्या आकारावरून या जातीला ‘कॅन्ड हॅम’ असं टोपणनाव पडलं. शास्ता, अल्जो, ॲरिस्टोक्रॅट, सेरो स्कॉटी हे त्यातले ओळखीचे. शास्ताची सुरुवात १९४१मध्ये लष्करातल्या माणसांना राहायला ट्रेलर पुरवण्यातून झाली. १९५०चं दशक सरत असताना त्यांनी ट्रेलरच्या मागच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचे पंख लावले. पंखांचा उपयोग शून्य, पण आजही लोक शास्ता ओळखतात ते त्यांच्यावरूनच. (२०१५मध्ये जुन्या ‘एअरफ्लाइट’ मॉडेलची नवी आवृत्ती निघाली. नग किती, तर स्थापनेच्या सालाइतकेच, १,९४१.) १९५६च्या कायद्याने देशभर ४१,००० मैलांचे महामार्ग बांधायला घेतले गेले, सुट्टीत राष्ट्रीय उद्यानं पाहायला कुटुंबंच्या कुटुंबं निघू लागली आणि असे ट्रेलर भराभर तयार होऊ लागले. भराभर हा शब्द इथे महत्त्वाचा. हे ट्रेलर साठ वर्षं टिकावेत म्हणून कुणीच बांधले नव्हते.

ते बांधले कसे, हे कळल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये. घर बांधताना आधी भिंती उभ्या राहतात, मग आतलं सामान येतं. इथे बहुतेक कारखान्यांत क्रम उलटा होता. पोलादी चासीवर लाकडी जमीन ठोकायची. जमिनीवर पलंगाचे खोके, ओटा, कपाटं उभी करायची. त्यांना बाहेरून आतल्या भिंतीचा प्लायवूड लावायचा, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या पाठीला पाऊण इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांमधल्या पोकळीत काचतंतूचा कापूस, आणि सगळ्यात शेवटी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. कपाटांचे स्क्रू भिंतीच्या मागच्या बाजूने मारलेले असतात. म्हणजे आत उभं राहून कपाट सोडवायला गेलात तर स्क्रूचं डोकं सापडतच नाही. ते पत्र्याखाली असतं.

या एका गोष्टीतून पुढचं सगळं ठरतं. कुजलेली भिंत आतून दुरुस्त होत नाही, पत्रा उतरवावा लागतो. दुसरं असं की या ट्रेलरला वेगळा भक्कम सांगाडा नाही. पट्ट्या, प्लायवूड, कपाटं, आडव्या फळ्या सगळं मिळून एकमेकांना धरून असतं. उत्साहाच्या भरात कुणी आतलं सगळं उपटून बाहेर फेकतो आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो भिंती कलंडलेल्या, दाराची चौकट तिरकी. दार मूळच्या वळणाला बेतलेलं असतं, ते मग कधीच नीट बसत नाही. अनुभवी माणसं आधी आत तात्पुरत्या आडव्या-तिडव्या पट्ट्या ठोकून आकार बांधून घेतात आणि एका वेळी एकच बाजू उघडतात.

आता पाण्याकडे. ॲल्युमिनियम कुजत नाही, त्यामुळे बाहेरून ट्रेलर वर्षानुवर्षं शहाजोग दिसतो. पाणी शिरतं ते पत्र्याच्या जोडांतून. छताचा पत्रा आणि भिंतीचा पत्रा जिथे भेटतात तिथे ॲल्युमिनियमची लांबलचक पट्टी स्क्रूने आवळलेली असते, तिच्याखाली पुट्टी. ही पुट्टी काही दशकांत वाळून दगड होते, तिला चिरा पडतात आणि प्रत्येक स्क्रूचं भोक ही एक उघडी वाट बनते. खिडक्यांच्या कडा, छतावरचा झरोका, मागचे दिवे, सगळीकडे हीच कथा. कौलारू घरात पावसाळे काढलेल्याला हे वेगळं सांगायला नको की ठिबकतं तिथेच कौल फुटलेलं असतं असं नाही. ट्रेलरमध्ये तर पाणी छताच्या कडेला शिरून पट्टीपट्टीने उतरत जातं आणि भिंतीच्या तळाशी, जमिनीच्या काठावर, मागच्या दोन कोपऱ्यांत जाऊन बसतं. कापूस ते धरून ठेवतो. बाहेर पत्रा, आत वार्निश, वाळायला वाट नाही. लाकूड आतल्या आत भुसभुशीत होतं.

बरं, सगळंच पाणी आभाळातून येतं असंही नाही. ट्रेलरातल्या शेगडीत प्रोपेन गॅस जळतो. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. त्यात झोपलेल्या माणसांचा श्वास मिळवा. थंड रात्री ही वाफ खिडकीच्या काचेवर आणि भिंतीत शिरली तर पत्र्याच्या आतल्या अंगावर दव होऊन जमते. ज्या ट्रेलरवर कधी थेंबभर पाऊस गळला नाही, त्याचंही लाकूड काळवंडलेलं सापडतं ते यामुळे. छताचा झरोका उघडा ठेवून स्वयंपाक करा असं जुने लोक सांगतात. वासाखेरीज त्यामागे हेही कारण आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडचं तर आहेच.

घ्यायच्या आधी ट्रेलर तपासायचा तो एका बोथट टोचणीने. मागच्या आतल्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, खिडक्यांच्या खाली प्लायवूडवर तपकिरी ओघळ दिसतात का, त्याचा वरचा पापुद्रा फुगलाय का, ते पाहायचं आणि टोचायचं. टोक सहज आत गेलं तर लाकूड संपलं. खाली वाकून चासी पाहायची. वरवरचा गंज घासून निघतो, पण पोलाद थरांनी सुटत असेल तर वेल्डरचा खर्च धरावा. छतावर पांढरा रबरी लेप जाड थापलेला दिसला तर मी स्वतः दोन पावलं मागे सरेन. आधीच्या मालकाला गळती माहीत होती आणि जोड उघडायचे कष्ट त्याने घेतले नाहीत, एवढंच तो लेप सांगतो. जोडांवर सिलिकोन ओतलेलं असेल तर त्याहून वाईट. वाळलेल्या सिलिकोनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकोनसुद्धा नाही. ते खरवडून काढण्यातच आठवड्याच्या सुट्ट्या जातात. कागदपत्रंही तेव्हाच मागावीत. मालकीचा कागद हरवला असेल तर तो नव्याने मिळवण्याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे, आणि काही ठिकाणी ते भलतेच चिवट आहेत.

काम सुरू होतं ते उलट्या क्रमाने. कडेच्या पट्ट्या, खिडक्या, दिवे, दार, मग पत्रा. प्रत्येक टप्प्याचे फोटो, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी, प्रत्येक जागेच्या स्क्रूंची वेगळी डबी. पत्रा इतका पातळ असतो की वाऱ्याच्या एका झोताने दुमडतो, आणि पडलेली घडी मोडत नाही. म्हणून तो उतरवायला दोन माणसं लागतात आणि ठेवायला सपाट, आडोशाची जागा. खाली जे दिसतं त्याने बहुतेकांना धक्का बसतो. पट्टी होती तिथे काळी माती, उंदरांची घरटी, गांधीलमाशांची पोळी, आणि गंजून केसाएवढे उरलेले स्टेपल.

कितीही कुजलेला तुकडा असला तरी तो फेकायचा नाही. मूळ आराखडे बहुधा कुठेच मिळत नाहीत, तो तुकडा हाच आराखडा. त्याचे अवशेष प्लायवूडवर मांडून, पेन्सिलीने बाहेरची रेघ मारून नवं वळण कापतात. डावी बाजू गेली असेल तर उजवीवरून नक्षा काढतात, तीही गेली असेल तर पत्र्याच्या कडेवरून. नव्या पट्ट्या साध्या पाइनच्या किंवा फरच्या, पण सांध्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही. कारखान्याने नुसत्या स्टेपलवर भागवलं होतं, तिथे हौशी माणूस मूळ कारागिरापेक्षा चांगलं काम करून जातो. त्याला घाई नसते आणि दिवसाला अमुक नग काढायचे नसतात.

सांगाडा उघडा असतानाच खालचं सगळं उरकून घ्यावं लागतं. चासी घासून रंगवायची, स्प्रिंगच्या पाट्यांचे पिन-बुश बदलायचे, चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस, ब्रेकचे वायर नवे. टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून ते चांगले, हा समज घातक आहे. रबर उभ्या-उभ्याच म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे पाहायचे. ३२१९ असेल तर २०१९ सालचा ३२वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर ट्रेलरवर ठेवू नये असं जाणकार सांगतात.

वायरिंगचं प्रकरण यातलं सर्वांत धोक्याचं. १९५०च्या दशकातल्या ट्रेलरात बहुधा दोनच तारा असतात, अर्थिंगची तिसरी तार नाही. बाहेरून सगळा ॲल्युमिनियमचा पत्रा. साठ वर्षांत कुणी एखादा स्क्रू आंधळेपणाने मारला असेल, तो तारेचं आवरण भेदून पत्र्याला टेकला असेल, तर अख्खा ट्रेलर विजेने भारलेला. रबरी टायरांमुळे तो जमिनीपासून तोडलेला असतो. ओल्या गवतावर अनवाणी उभ्या माणसाने दाराची मूठ धरली की विजेला जमिनीत उतरायला तोच रस्ता. म्हणून जुन्या तारा जपण्यात काही रसिकता नाही. त्या उपटून अर्थिंगसह नव्या टाकायच्या आणि अर्थिंग चासीला पक्कं बांधायचं. गॅसच्या तांब्याच्या नळीलाही तोच न्याय. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणं ठीकच, पण सगळी नळी ठरावीक दाबाखाली ठेवून तो दाब उतरतो का, हे जाणत्याकडून तपासून घ्यावं. मूळ शेगडी वापरता येईल का, हेही त्यालाच विचारावं. जुने रंग आणि फरशा तासण्याआधी मास्क चढवावा. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८मध्ये बंद झालं आणि त्या काळच्या फरशांमध्ये, त्यांच्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आतल्या भिंतींवर मात्र रेंगाळावंसं वाटतं. तो मधाळ रंग नुसत्या लाकडाचा नसतो, त्यात वर्षं आणि शेलॅक दोन्ही मिसळलेली असतात. नव्या बर्च प्लायवूडचा रंग फिकट, जवळजवळ दुधी. जुन्या भिंतीशेजारी नवी फळी बसवली की ती ठिगळ दिसते. त्यावर उपाय म्हणून दुरुस्ती करणारे अंबर शेलॅकचे हात देतात, एकावर एक, जुन्याशी रंग जुळेपर्यंत. हे शेलॅक म्हणजे आपली लाख. झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, त्याच्यापासून ती होते, आणि जगाला ती पुरवणाऱ्यांत भारत पूर्वीपासून आघाडीवर आहे. आपल्याकडचे सुतार चपडा स्पिरिटमध्ये भिजवून फर्निचरला पॉलिश मारायचे, तोच हा पदार्थ. जुन्या शेलॅकवर स्पिरिटचा हात फिरवला की ते मऊ पडून नव्या थरात मिसळून जातं, त्यामुळे सगळं खरवडावं लागत नाही. पाणी आणि उष्णता मात्र त्याला सोसत नाहीत, चहाच्या कपाचं पांढरं कडं उठतं. म्हणून टेबल आणि ओटा यांच्यावर वरून वार्निश.

इथेच एक जुना वाद आहे. बरेच नवे मालक आतला सगळा बर्च पांढऱ्या रंगाने झाकून टाकतात. फोटो सुरेख येतो, जागा मोठी भासते. दुसऱ्या टोकाला मूळचा प्रत्येक खिळा जपणारे. माझं मत असं की विजेची तार, टायर, ब्रेक, गॅसची नळी यांत जुनेपणाचा सोस नको, आणि लाकूड, दिवे, कड्या-बिजागऱ्या, शेगडीचा दर्शनी भाग यांत नव्याचा नको. पांढरा रंग प्लायवूडच्या रेषांत एकदा मुरला की पुढच्या कुणालाही तो पुरता काढता येत नाही. तरी शेवटी ट्रेलर ज्याचा त्याचा. कोठारामागे कुजण्यापेक्षा पांढरा रंग बरा.

पत्रा परत चढवताना सगळं लक्ष जोडांवर. आता पुट्टीऐवजी ब्युटिल रबराची चिकट टेप वापरतात, ती वर्षानुवर्षं मऊ राहते. कडेची पट्टी आवळली की टेप दोन्ही अंगांनी बाहेर येते. ती लगेच कापायची नाही. उन्हात दोन-चार दिवस बसू द्यायची, स्क्रू पुन्हा आवळायचे, मग कापायची. जुन्या भोकांतल्या लाकडाने पकड सोडली असेल तर स्क्रू थोडे लांब घ्यायचे, आणि ते स्टेनलेस स्टीलचे. त्यानंतर एक माणूस आत विजेरी घेऊन बसतो आणि दुसरा बाहेरून पाइपने पाणी सोडतो, खालून वर सरकत. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

एअरस्ट्रीमचं दुखणं याहून निराळं. तिथे बाहेरचा पत्राच बळ देतो, आतल्या फासळ्याही ॲल्युमिनियमच्या. कुजायला लाकूड एकाच जागी आहे, जमिनीचा प्लायवूड, आणि तो नेमका पोलादी चासी आणि वरचं कवच यांच्या मधोमध चेपून बसलेला. त्याच्या कडा कुजल्या की कवच आणि चासी एकमेकांना सोडू लागतात, विशेषतः मागच्या टोकाला. पारख करणारे मागच्या बंपरवर उभे राहून हळूच उड्या मारतात आणि कवचाखाली फट उघडते का ते बघतात. उघडली तर पूर्ण इलाज म्हणजे आतलं सारं काढून कवच उचलून बाजूला ठेवायचं, चासी दुरुस्त करायची, नवी जमीन घालायची आणि कवच परत उतरवायचं. बाहेरचे रिवेट बसवायला दोघं लागतात. बाहेरचा हवेच्या हातोड्याने ठोकतो, आतला पोलादाचा ठोकळा धरून त्याचं शेपूट चपटं करतो. अनेक जोडपी हे काम करतात, आणि त्यांचा संसार टिकतो म्हणजे नवलच. आरशासारखी झिलई काढण्याचा मोहही जपूनच पुरवावा. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या त्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो आणि दर घासणीत तो थोडा-थोडा जातो.

रस्त्यावर निघण्याआधी वजन बघायचं राहतं. नव्या मालकाला वातानुकूलन हवं, बॅटऱ्या हव्यात, पाण्याची टाकी मोठी हवी. जुना ॲक्सल यासाठी नव्हता. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या हुकावर यायला हवा, ९०० किलोच्या ट्रेलरला ९० ते १३५ किलो. टाकी मागच्या टोकाला बसवली तर हुकावरचा भार घटतो आणि वेग वाढला की ट्रेलर मागे झुलू लागतो. तो झोका एकदा वाढत गेला की पुढची मोटारही त्याच्यासोबत जाते. त्यामुळे भरलेला ट्रेलर काट्यावर नेऊन तोलून घ्यायचा आणि पहिली फेरी गावातल्या गावात. चाकाचे नट पहिल्या १० मैलांनंतर, मग २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा आवळायचे, कारण नवा रंग दबला की ते सैल होतात. आणि त्याच थांब्यावर, हातासरशी, मागचे दोन कोपरे आतून चाचपून बघायचे.